वाजण्याला पैसे नाहीत

फोन एकदा वाजून थांबायला हवा होता. तो थांबला नाही. परक्या देशातल्या त्या स्वस्त हॉटेलच्या खोलीत ती आरशापुढे उभी राहून केसांना क्लिप लावत होती, आठ वाजून सात मिनिटं झाली होती, खाली कारखान्याची व्हॅन येऊन उभी होती, आणि पलंगावर पालथा पडलेला फोन दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा गुरगुरला. क्लिप तिच्या दातात तशीच राहिली. तिने फोन उलटा केला. ‘आई’. बरोबरच होतं, या वेळेला दुसऱ्या कुणाचा येणार? पण आई एक घंटी झाली की तोडते. गेली एकोणीस वर्षं न चुकता तोडते, इतकी झटक्यात की पलीकडे तिचं बोट त्या बटणावर आधीच टेकलेलं असणार, असं वाटावं. आज घंटी वाजतच राहिली, पार शेवटपर्यंत, आणि दमल्यासारखी आपोआप बंद पडली. आईला तोडायला जमलं नसेल, बोट घसरलं असेल, असं ती मनाशी म्हणाली. तेवढ्यात फोन पुन्हा वाजायला लागला. खाली व्हॅनवाल्याने हॉर्न दिला. काल तिच्यामुळे सगळ्यांना चार मिनिटं थांबावं लागलं होतं आणि कुणी काही बोललं नव्हतं, ते न बोलणंच तिला जास्त लागलं होतं. उचलायचा विचारसुद्धा तिच्या मनात आला नाही. तिने रोजच्याप्रमाणे कडेचं बटण दाबून धरलं. नक्की बंद करायचं का, असं फोनने विचारलं. फोन वाजत होता, आणि तिने हो म्हटलं.

व्हॅनने दुसरं वळण घेतल्यावर तिला कळलं आपण काय केलंय ते. लावून तोडलेला एक फोन म्हणजे बरं आहे. दोन म्हणजे सवड काढून फोन कर. तीन म्हणजे असशील तिथून निघून ये. हे तिघांनी मिळून ठरवलं होतं, ती एकोणीस वर्षांची असताना, हॉस्टेलवर जायच्या आदल्या दिवशी, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या. बाबांनी ते एखाद्या करारासारखं बोटांवर म्हणून दाखवलं आणि दोघींकडून म्हणवून घेतलं. तेव्हा बोलायला पैसे पडत. आता देशातल्या देशात बोलणं जवळजवळ फुकट झालं, तरी आईने करार मोडला नाही. सकाळी एक आईची, त्याला उत्तर म्हणून एक हिची, की झालं दिवसाचं. मैत्रिणी हसायच्या. ‘अगं, बोलत जा ना आईशी,’ म्हणायच्या. बोलत होतीच की ती. एका घंटीत सगळं आलं, आई उठली, तिचा चहा झाला, गुडघा कालच्यापेक्षा जास्त दुखत नाही. शब्दांनी बोलायला गेलं की दोघी लगेच भांडत. आणि दर फोनच्या शेवटी, कितीही महत्त्वाचं चाललेलं असो, आई म्हणणारच, ‘ठेव आता, पैसे पडतायत.’ फुकट आहे गं, असं सांगून ती थकली होती. आईचा फुकट या शब्दावर विश्वास नव्हता.

म्हणून परदेशाचं ठरलं तेव्हा तिला या एका बाबतीत मुळीच चिंता वाटली नाही. चिंता बाकीच्यांना. ऑफिसात एक गृहस्थ होते, चौदा देश फिरून आलेले, आणि ते चौदाही देश रोज जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना पुन्हा फिरवून आणणारे. सगळे त्यांना सर्वज्ञ म्हणत, त्यांच्या तोंडावरसुद्धा, आणि ते खूश होत. त्यांनी तिला बसवून घेतलं. ‘हे बघा, कंपनीचा फोन देतील तुम्हाला, त्यात तिथलं सिम घालायचं, काम त्याच्यावर. तुमचा इथला फोन न्या, पण त्याला झोपवून ठेवायचं. जागा ठेवलात तर तो आपला आपण काहीबाही ओढत बसतो, आणि बिल आलं की डोळे पांढरे होतात. सकाळी पंधरा मिनिटं उठवायचा. आणि वाजला तर उचलायचा नाही. वाजू दे. वाजण्याला पैसे नाहीत, बोलण्याला आहेत.’ तिला हसू आलं होतं. एकोणीस वर्षं आपल्या घरात हेच तर चाललंय, आणि यांना वाटतंय आपण काही नवीन शिकवतोय. आईला सांगितल्यावर आई म्हणाली होती, ‘शहाणा माणूस दिसतोय.’ आणि नऊ दिवस सगळं अगदी घड्याळासारखं चाललं होतं. रोज आठ वाजून सात, एक.

मग आज काय? दोन झाले. पहिला अख्खा, दुसरा अर्धवट. दोन म्हणजे सवड काढून फोन कर, इतकंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण तिसरा? तिसरा आला असला तर तो एका बंद फोनवर आला, आणि तो फोन मागे खोलीत, पलंगावर, चादरीच्या घडीत पडला होता. व्हॅनच्या काचेतून सारख्याच उंचीची घरं मागे जात होती, एका बाईने खिडकीतून पायपुसणं झटकलं. शेजारी बसलेल्याला सांगावं, व्हॅन वळवा? काय सांगणार? माझी आई नेहमी एकदा वाजवते आणि आज दोनदा वाजवलं? कुठल्या भाषेत सांगितलं म्हणजे हे शहाणपणाचं वाटेल?

कारखान्यात तिचं मशीन तिची वाट बघत होतं. गोळ्यांच्या पट्ट्या बनवणारं मशीन. तिच्याच कंपनीने बनवलेलं, तुकडे करून जहाजातून आलेलं, तिने नऊ दिवस खपून इथल्या लोकांकडून जोडून घेतलेलं. वरून गोळ्या पडतात, दोन बाजूंनी चमकता कागद येतो, दोन तापलेले रोलर तो कागद गोळीभोवती दाबून चिकटवतात, खालून पट्ट्या निघतात. आज चाचणी होती. ती पार पडली, सह्या झाल्या, की परवा परत. तिने पर्समध्ये हात घातला आणि कपाळावर हात मारला. चष्मा. चष्माही फोनशेजारीच राहिला होता. जवळचं वाचायचा तो चष्मा गेल्या वर्षी लागला तेव्हा आई म्हणाली होती, ‘आता तूही म्हातारी झालीस हो.’ डोळे बारीक करून तिने तापमान भरलं आणि मशीन सुरू केलं. रोलर फिरायला लागले, त्या ठेक्यात तिला घंटी ऐकू येऊ लागली. एक. एक. एक. आणि मग ठेका मोडून, दोन.

तीन कधीच वापरला गेला नव्हता. बाबांच्या वेळीसुद्धा नाही. त्या दुपारी ती हॉस्टेलच्या व्हरांड्यात ओले केस पसरून बसली होती. बाबांच्या नंबरावरून घंटी आली, एक, आणि बंद. बरं आहे. तिने उलट एक दिली आणि मैत्रिणींबरोबर पिक्चरला गेली. तीन तास पिक्चर बघितला, चांगला होता, खूप हसली. फोन बंद करून ठेवला होता. बाहेर आल्यावर कळलं. घंटी शेजारच्या काकांनी दिली होती, बाबांचा फोन खिशातून काढून, दवाखान्याच्या दारातून. लावला आणि लाइन तुटली, पुन्हा लावणार तर उलट तिचीच घंटी आली आणि तुटली, आणि मग आत बोलावलं म्हणून ते धावले. त्यांना करार ठाऊक नव्हता. त्यांनी आपला साधा फोन केला होता, जगातली बाकीची माणसं करतात तसा. आईने तिला यावरून कधी एक शब्द विचारला नाही. तेराव्या दिवसानंतर ती हॉस्टेलवर परत गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईची घंटी आली. एक. बरं आहे. इतकं धडधडीत खोटं आई आयुष्यात दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने बोलली नसती.

‘हे बघ,’ मुकादमबाई म्हणाल्या. तिथल्या पाळीवर देखरेख करणारी ती थोराड बाई, तिला ती मनातल्या मनात मुकादमबाई म्हणे. दोघी जी भाषा बोलत ती दोघींपैकी कुणाच्याच मालकीची नव्हती, त्यामुळे दोघी सारख्याच गरीब होत्या तिच्यात. मुकादमबाईंच्या हातात पट्टी होती. पट्ट्या निळ्या पाण्यात बुडवून वरची हवा ओढून घ्यायची असते. चिकटवणं कच्चं असेल तर पाणी आत शिरतं. पट्टीतल्या दहापैकी सहा गोळ्या निळ्या झाल्या होत्या. तिने पुन्हा मशीनच्या पडद्यावर नाक टेकवलं. एकशे पंच्याऐंशीच्या जागी एकशे पासष्ट. आठाचा सहा. नऊ दिवसांत तिची एक चूक निघाली नव्हती. भिंतीशी उभे असलेले कारखान्याचे खरेदीवाले दोघं एकमेकांकडे न बघण्याची काळजी घेत होते. ‘रोलर तापू दे, पुन्हा घेऊ,’ ती म्हणाली.

‘तुझं लक्ष नाही,’ मुकादमबाई म्हणाल्या. रागावून नव्हे. पट्टी ओली झाली म्हणावं तसं.

‘घरून फोन आला होता. माझी आई एकटी असते.’

‘काय म्हणाली?’

‘मी उचलला नाही.’

मुकादमबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. मग काही न विचारता एप्रनच्या खिशातून स्वतःचा फोन काढला आणि पुढे केला. ‘माझ्यात बाहेरदेशी लागतो. माझा मुलगा दूर असतो. कर.’

तिने फोन घेतला, आणि बोट हवेतच राहिलं. नंबर. आईचा नंबर तीन वर्षांपूर्वी बदलला होता. जुना तिला झोपेत विचारला असता तरी सांगता आला असता. हा नवा तिने एकदा, ‘आई’ म्हणून साठवताना दाबला होता, तेवढाच. त्यानंतर नेहमी नुसतं नाव. डोळे मिटून तिने तो पडद्यावर कसा दिसतो ते आठवायचा प्रयत्न केला. पहिले आठ आकडे आले. शेवटी बहात्तर की सत्तावीस? तिने बहात्तर लावला. घंटी गेली, तिच्या घरच्याच सुरातली घंटी, आणि लगेच कुणीतरी उचलला.

‘आई?’

‘आई नाही हो इथे,’ एक पुरुषी, जेवता जेवता बोलणारा आवाज. ‘कोण पाहिजे तुम्हाला?’

तिने चुकून लागला म्हणून सांगितलं. फोन मात्र तिच्याने ठेववेना. इतक्या दिवसांनी कानात आपली भाषा पडली होती.

‘बाहेरच्या देशातून दिसतोय नंबर,’ तो म्हणाला. ‘अहो ताई, ठेवा मग. फुकट पैसे जातायत तुमचे.’ आणि तिच्या भल्यासाठी त्यानेच तोडला. सत्तावीसवाला नंबर अस्तित्वातच नव्हता.

मग कंपनीच्या फोनवरून तिने सर्वज्ञांना निरोप टाकला. ऑफिसच्या दप्तरात माझा फॉर्म आहे, त्यात ‘अडचणीच्या वेळी कुणाला कळवावे’ या रकान्यात आईचा नंबर असेल, तेवढा लावून बघाल का? सव्वाअकराला टाकला. बाराला रोलर तापले. साडेबाराला दुसरी खेप बुडवली. पाण्यात पट्ट्या पडून होत्या आणि वरची हवा ओढली जात होती, तेव्हा खिशात फोन थरथरला. सर्वज्ञांचा निरोप होता. ‘आईंचा नंबर सारखा बंद लागतोय. सहा वेळा केला. पण काळजी करू नका.’ बंद? आईचा फोन कधी बंद नसतो, आई तो बंद कसा करायचा हेच शिकलेली नाही. खाली सर्वज्ञांनी नंबरही लिहिला होता, नीट, मध्ये जागा सोडून. तिने तो एकदा वाचला, दोनदा वाचला. तो तिचा स्वतःचा होता. फॉर्म भरताना तिने आईचं नाव लिहिलं आणि पुढे आपलाच नंबर, कारण आई फोन उचलत नाही, उगाच ऑफिसवाल्यांना घंट्या मोजत बसावं लागेल. तिने स्वतः, स्वतःच्या हाताने, चांगल्या अक्षरात लिहिला होता. अडचणीच्या वेळी तिला काय झालं हे तिलाच कळवण्यात आलं असतं. तिला मोठ्याने हसू फुटलं. खरेदीवाल्यांपैकी एकाने वळून बघितलं.

पट्ट्या कोरड्या निघाल्या. साठच्या साठ. मुकादमबाईंनी एकेक फोडून दाखवली, गोळ्या पांढऱ्याशुभ्र. आता एकेक तासाच्या आणखी दोन खेपा, मग सह्या. तिने एप्रन काढला. ‘मला जायला हवं. आत्ता.’

‘जा,’ मुकादमबाई म्हणाल्या. ‘मशीन कुठे पळतंय? या दोघांना मी चहा पाजते.’

टॅक्सीत ती पुढच्या सीटच्या पाठीला धरून बसली. एक गोष्ट तिला आता स्वच्छ दिसत होती, आणि ते दिसणं बरं नव्हतं. सकाळी हात पुढे गेला नाही तो व्हॅनमुळे नव्हे. पैशामुळे तर नव्हेच. मिनिटभर बोलायला जे पडतं ते तिला जड नव्हतं. हात गेला नाही कारण उचलला तर काही ऐकावं लागलं असतं. घंटीत काही ऐकावं लागत नाही. घंटी मोजायची, की सुटलो. दोघींनी मिळून किती वर्षं सुटका करून घेतली होती, आणि त्याला काटकसर म्हणत आल्या होत्या. आई पडली असेल. न्हाणीत पडली असेल आणि फोन हाताशी असेल. पडल्या पडल्या तिने लेकीला फोन लावला असेल आणि लेकीने, नक्की बंद करायचं का, हो. लाल दिव्याला टॅक्सी थांबली. एक म्हातारा काठी टेकत इतका सावकाश रस्ता ओलांडत होता की तिला त्याचा संताप आला, आणि संतापाची लाज वाटली.

खोली झाडून-पुसून गेले होते. चादर ताठ बसवली होती. फोन उशाच्या टेबलावर, चष्म्याच्या डबीवर ठेवलेला. तिने बटण दाबून धरलं. तो उठायला किती वेळ लावत होता. आधी कंपनीचं चिन्ह, मग नुसता काळा पडदा, मग नेटवर्क शोधतोय, शोधतोय. आणि मग निरोप आला. सर्वज्ञांचे सहा वेगळे, आणि खाली: आपला फोन बंद असताना ‘आई’ या क्रमांकावरून आलेले कॉल: अकरा. तिने चष्मा लावून पुन्हा वाचला. करारात अकरा नव्हता. अकराचा अर्थ कुणीच ठरवलेला नव्हता.

तिने ‘आई’वर बोट ठेवलं. घंटी गेली. एक, दोन, तीन, वाजत राहिली, शेवटपर्यंत वाजली आणि बंद पडली. तिने पुन्हा लावला. पुन्हा शेवटपर्यंत. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आई समोर बसलेली असली तरी उचलणार नाही. लेकीचा वाजला की उचलायचा नसतो, मोजायचा असतो. न्हाणीत निपचित पडलेली आई आणि खुर्चीत बसून घंट्या मोजणारी आई, या दोघींत इथून काही फरक कळत नव्हता. ‘उचल ना,’ ती मोठ्याने म्हणाली. ‘उचल गं बाई, एकदा उचल.’ ती रडायला लागली होती. तिसऱ्यांदा लावला. सातव्या घंटीला खरखर झाली.

‘हॅलो,’ आई म्हणाली.

‘आई! बरी आहेस ना? पडलीबिडली नाहीस ना?’

‘मी कशाला पडू? बसलेय की खुर्चीत. तुझा वाजला की उचलायचा नसतो म्हणून बसले होते, पण थांबेचना तुझा.’

‘आणि तू? माझा फोन बंद असताना अकरा वेळा केलास तू!’

‘अकरा झाले का?’ आई म्हणाली. ‘मोजले नाहीत गं मी. काय झालं, एकदा वाजवायचा ना रोज, पण एकदा म्हणजे काय तेच आठवेना. एक म्हणजे बरं आहे, का एक म्हणजे निघून ये? सकाळपासून डोकं शिणलं. म्हटलं चुकीचा वाजवला तर ती तिकडे उगाच घाबरायची. मग वाजवतच राहिले. म्हटलं कधीतरी उचलेल, तिलाच विचारू.’

ती पलंगावर बसली. एवढंच? तिला इतकं हलकं वाटलं की ती हसलीच. एवढंच होय! नुसतं विसरली. आणि हसता हसता ते हसणं आत कुठेतरी अडकलं. जो करार बाबा गेल्यावरही आई विसरली नव्हती, तो ती विसरली होती. आणि तो ठाऊक असलेलं आता जगात दुसरं कुणी नव्हतं.

‘काल आठवत होतं ना पण?’ तिने जपून विचारलं. ‘काल बरोबर एक दिलास.’

‘काल दिला होता का मी?’ आई म्हणाली. ‘असेल. बरं, सांग तू, मी लिहूनच घेते. थांब हं, पेन आणते.’

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. पावलं दूर गेली. कुठलासा खण उघडला, तो पुढे येताना नेहमी अडतो तसा अडला, मग दुसरा उघडला. काही खाली पडलं. आई कुणाशी तरी बोलल्यासारखं पुटपुटत होती, शब्द कळत नव्हते. तिच्या कानाशी धरलेल्या फोनवर मिनिटं चालली होती, चार, पाच, सहा. ती जीव मुठीत धरून एका वाक्याची वाट बघत होती, त्या एका वाक्यावरून सगळं ठीक आहे असं धरून चालायला ती तयार होती, आणि आईने ते अजून म्हटलं नव्हतं. आता परत येईल आणि म्हणेल, ठेव आता, पैसे पडतायत. ओरडेलच खरं तर, अगं, एवढा वेळ चालू का ठेवलास? कपाटाचं दार लागलं. पावलं जवळ आली, खुर्ची करकरली. मग बराच वेळ काही नाही, नुसता श्वास. मग फोन उचलल्याचा आवाज.

‘हॅलो,’ आई म्हणाली. ‘कोण बोलतंय?’

‘मी, आई. मीच आहे.’

‘अगंबाई, तू होय!’ आईला इतका आनंद झाला होता, लेकीने तिचा हा आवाज कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. ‘कधी केलास फोन? बोल ना. बोल, अगदी सावकाश बोल.’